उत्तर निवडायचं, धान्य निवडतो तसं

 

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, वहीवर सह्या झाल्या, अंगठे झाले. सगळ्या उठायला लागल्या तेवढ्यात एका ताईनं पिशवीतून घडी केलेला कागद काढला. तिचा मुलगा पाचवीत आहे, नवोदयची तयारी करतोय. शाळेत सराव पेपर झाला होता. मराठीच्या वीस प्रश्नांपैकी अकरा चुकले होते. ताई म्हणाली, "पोरगं घडाघडा वाचायलंय. गुरुजी बी म्हनतेत हुशार हाय. मग चुकायलंय कुठं?"

आम्ही मुलाला बोलावलं. त्यानं सगळा उतारा एका दमात वाचून दाखवला. उताऱ्यात एक शेतकरी होता. वेचणीला बाया मिळाल्या नाहीत म्हणून त्याचा कापूस उशिरा घरी आला, असं त्यात लिहिलं होतं. खाली प्रश्न होता, शेतकऱ्याचा कापूस उशिरा घरी का आला? मुलानं खूण केली होती, 'पावसामुळे.' आम्ही विचारलं, असं का? तो म्हणाला, "आमच्यात तर पावसानंच उशीर झाला की! बोंडं भिजली होती."

मैत्रिणींनो, मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याच्या वावरात जे झालं ते त्यानं लिहिलं. पण प्रश्न त्याच्या वावराचा नव्हता, उताऱ्यातल्या वावराचा होता. अकरापैकी सात चुका अशाच निघाल्या. ज्या पोरांना शेताचं, पाण्याचं, जनावरांचं जास्त कळतं, तीच पोरं इथं फसतात. म्हणून आज आपण उताऱ्यावरच्या प्रश्नांबद्दल बोलणार आहोत. चार पर्यायांतून बरोबर उत्तर कसं निवडायचं, आणि ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही तिनंसुद्धा मुलाला यात कशी मदत करायची, हे पाहू.

एवढं महत्त्व कशाला?

जवाहर नवोदय विद्यालयं केंद्र सरकार चालवतं. देशातली पहिली दोन १९८५-८६ मध्ये सुरू झाली. एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या महाराष्ट्रात अमरावतीला. तिथं सहावी ते बारावी राहून शिकता येतं. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं यांचा खर्च सरकार करतं. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं घेतात. किमान ७५ टक्के जागा खेड्यातल्या मुलांसाठी असतात आणि एक तृतीयांश जागा मुलींसाठी. अर्जाला फी नाही. पण सहावीच्या प्रवेशाची ही परीक्षा एका मुलाला एकदाच देता येते. पुढच्या वर्षी पुन्हा बसू, असं म्हणता येत नाही.

पेपर १०० गुणांचा, ८० प्रश्नांचा आणि दोन तासांचा. त्यात भाषेला २५ गुण आहेत. पेपर मराठीतून देता येतो. भाषेच्या भागात चार उतारे येतात आणि प्रत्येकाखाली पाच प्रश्न, म्हणजे वीस प्रश्न. एका प्रश्नाला सव्वा गुण. या भागासाठी अर्धा तास धरलेला असतो, म्हणजे एका उताऱ्याला साडेसात मिनिटं. गणिताची सूत्रं विसरली तर विसरली, पण इथं उत्तर समोरच छापलेलं असतं. समोर असलेलं उत्तर हातचं जाऊ द्यायचं का?

आणखी एक गोष्ट आहे. अलीकडे ही परीक्षा थंडीच्या दिवसांत येते. दसरा झाला की आपल्याकडची कितीतरी जोडपी कोयता घेऊन कारखान्याला गेलेली असतात. लेकरू आजीजवळ राहतं, नाहीतर हंगामी वसतिगृहात जेवतं. अभ्यास घ्यायला घरी कोणी नसतं. म्हणून आज सांगणार आहोत ती रीत आजीला जमेल आणि फडावरून फोन करणाऱ्या आईलाही जमेल, अशीच आहे.

आधी एक उतारा ऐका

हा उतारा आम्हीच तयार केला आहे. जवळ मूल असेल तर त्यालाही बसवा.

"आजीनं घरामागच्या परसात शेवग्याची दहा रोपं लावली. पहिल्या उन्हाळ्यात त्यांतली चार वाळली. तेव्हापासून आजी भांडी धुतलेलं पाणी घागरीत साठवून ठेवू लागली आणि रोज संध्याकाळी ते रोपांना घालू लागली. शेजारणी हसल्या. 'असल्या पाण्यावर कुठं झाडं जगतात?' असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या वर्षी उरलेल्या सगळ्या झाडांना शेंगा लागल्या. आजीनं पहिली जुडी शेजारणींच्याच घरी पाठवली. पुढच्या पावसाळ्यात गल्लीतल्या प्रत्येक घरामागं शेवग्याचं रोप दिसू लागलं."

आता प्रश्न पाहू.

पहिला प्रश्न. आजीनं रोपांना कोणतं पाणी घातलं? विहिरीचं, नळाचं, भांडी धुतलेलं की पावसाचं? हे सोपं आहे. उत्तर सरळ एका ओळीत आहे. मुलानं त्या ओळीवर बोट ठेवायचं आणि मग 'भांडी धुतलेलं' ही खूण करायची.

दुसरा प्रश्न. पहिल्या उन्हाळ्यानंतर किती रोपं उरली? दहा, चार, सहा की दोन? इथं घाई केली की 'चार' हे उत्तर येतं, कारण 'चार' हा शब्द उताऱ्यात दिसतो. पण चार वाळली. दहातून चार गेली, उरली सहा. 'सहा' हा शब्द उताऱ्यात कुठंच नाही, तरी उत्तर तेच आहे. दोन ओळींवर दोन बोटं ठेवली की ते सापडतं.

तिसरा प्रश्न. शेजारणी का हसल्या? एक, आजीला झाडं लावता येत नव्हती. दोन, तसल्या पाण्यावर झाडं जगतील असं त्यांना वाटत नव्हतं. तीन, आजी गरीब होती. चार, शेवगा घराजवळ लावू नये असं लोक मानतात.

आमच्या बैठकीत हा प्रश्न विचारला तेव्हा निम्म्या बायांनी चौथा पर्याय सांगितला! शेवगा दारात नको, असं आपण सगळ्यांनी सासरी-माहेरी ऐकलेलं आहे. पण उताऱ्यात ते कुठं आहे? बोट ठेवा म्हटलं तर बोट हवेतच राहिलं. उत्तर दुसरं. शेजारणींनी स्वतःच्या तोंडानं ते सांगितलं आहे. कापसाच्या प्रश्नात मुलाचं जे झालं, तेच शेवग्याच्या प्रश्नात आपलं झालं.

चौथा प्रश्न. शेंगांची पहिली जुडी आजीनं शेजारणींच्याच घरी पाठवली, यावरून आजी कशी होती? रागीट, भित्री, कंजूष की मनात अढी न ठेवणारी? असा प्रश्न आला की मुलं गोंधळतात, कारण 'अढी' हा शब्द उताऱ्यात नाही. इथं उत्तर ओळीत नसतं, ओळीच्या पोटात असतं. ज्या हसल्या त्यांनाच पहिला वाटा दिला. 'शेजारणींच्याच' या शब्दातल्या 'च'वर बोट ठेवा. ती रागात असती तर जुडी दुसरीकडे गेली असती. म्हणून उत्तर 'मनात अढी न ठेवणारी'. अंदाज करायचा, पण त्या अंदाजाचा पुरावा उताऱ्यात दाखवता आला पाहिजे.

पाचवा प्रश्न. उताऱ्याला शीर्षक द्या. शेवग्याचे औषधी उपयोग, आजीच्या शेजारणी, वाया जाणाऱ्या पाण्याचं चीज, की उन्हाळ्यातली पाणीटंचाई? शेवगा औषधी असेल, पण उतारा त्याबद्दल नाही. शेजारणी उताऱ्यात आहेत, पण तेवढ्याच नाहीत. उन्हाळाही आहे, पण एकाच ओळीत. सगळ्या उताऱ्याला पुरेल असं नाव एकच, 'वाया जाणाऱ्या पाण्याचं चीज'. चादर अंगभर पुरली पाहिजे, पाय उघडे राहायला नकोत आणि शेजारच्याच्या अंगावरही जायला नको. शीर्षकाचं तसंच आहे.

निवडणं आपल्याला येतंच

बघा, आपण 'उत्तर निवडणं' म्हणतो आणि 'ज्वारी निवडणं'ही म्हणतो. सुपात ज्वारी घेतली की आपण चांगला दाणा शोधत बसत नाही. खडे काढतो, काडी काढतो, किडका दाणा काढतो. शेवटी सुपात उरतं ते धान्य. चार पर्यायांचंही तसंच करायचं. बरोबर कोणतं, हे लगेच ठरवायचं नाही. आधी चुकीचे बाहेर काढायचे. आम्हाला चार प्रकारचे खडे सापडले.

पहिला खडा, खरा पण बाहेरचा. गोष्ट जगात खरी आहे, आपल्या घरातही खरी आहे, पण उताऱ्यात नाही. शेवगा दारात नको, हा तसला खडा. तो सगळ्यात जास्त फसवतो, कारण तो खोटा नसतो.

दुसरा खडा, ओळखीच्या शब्दाचा. पर्यायातला शब्द उताऱ्यात जसाच्या तसा असतो, पण तो दुसऱ्याच गोष्टीबद्दल असतो. 'चार रोपं' तशीच. शब्द दिसला म्हणून उत्तर मिळालं असं नाही. तो शब्द कशाबद्दल आहे, ते बघायचं.

तिसरा खडा, फुगवलेला. 'सगळ्या गावानं शेवगा लावला' असा पर्याय आला तर? उताऱ्यात गल्ली आहे, गाव नाही. सगळे, नेहमी, कधीच नाही, फक्त असे शब्द पर्यायात दिसले की थांबायचं. ते शब्द असले म्हणजे उत्तर चूकच असतं असं नाही. आपल्याच उताऱ्यात 'गल्लीतल्या प्रत्येक घरामागं' असं लिहिलेलं आहे. पण उताऱ्यात जेवढं आहे तेवढंच पर्यायात आहे का, हे मोजून घ्यायचं.

चौथा खडा, अर्धा. पर्यायाचा पहिला भाग बरोबर आणि दुसरा चूक. 'आजीनं दहा रोपं लावली आणि सगळी जगली.' पहिला भाग वाचून मूल खूण करून मोकळं होतं. पर्याय शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचा. अर्धा किडका दाणाही सुपातून काढतोच ना आपण?

आणि प्रश्नातला 'नाही' विसरू नका. 'पुढीलपैकी कोणती गोष्ट उताऱ्यात सांगितलेली नाही?' असा प्रश्न आला तर सगळं उलटं होतं. तिथं उताऱ्यात सापडतात ते तीन पर्याय काढायचे आणि जो सापडत नाही तो ठेवायचा. प्रश्नपत्रिकेवर 'नाही' या शब्दाला पेननं गोल करायची सवय मुलांना लावा.

पेपर सोडवायचा क्रम

आम्ही मुलांबरोबर बसून हा क्रम ठरवला आहे.

आधी पाचही प्रश्न एकदा वाचायचे, पर्याय वाचायचे नाहीत. म्हणजे काय शोधायचं ते कळतं. मग उतारा पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत शांतपणे वाचायचा. मधला अवघड शब्द अडला तर तिथं बसून राहायचं नाही, पुढच्या ओळीवरून अर्थ लागतो का ते बघायचं. नंतर एकेक प्रश्न घ्यायचा. पर्याय हातानं झाकून आधी आपल्या शब्दांत उत्तर सांगायचं, ओळीवर बोट ठेवायचं आणि मग हात काढून त्या उत्तराशी जुळणारा पर्याय बघायचा. आधीच पर्याय पाहिले की ते आपल्याला ओढतात. बाजारात काय घ्यायचं ते घरून ठरवून गेलं की दुकानदाराच्या बोलण्यात आपण येत नाही, तसंच आहे हे.

एखादा प्रश्न अडलाच तर त्याला खूण करून पुढं जायचं आणि शेवटी परत यायचं. नवोदयच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून कोणताही प्रश्न कोरा सोडायचा नाही. दोन खडे काढता आले आणि दोन पर्याय उरले, तर त्यांतला एक निवडायचा. पण उत्तरपत्रिकेवर गोल भरायचा तो काळ्या किंवा निळ्या बॉलपेननं, आणि भरलेला गोल बदलता येत नाही. म्हणून आधी ठरवायचं, प्रश्नाचा क्रमांक जुळवायचा आणि मगच गोल भरायचा.

आईला वाचता येत नसेल तर?

आता ज्या ताया मनात म्हणताहेत, "आम्हाला अक्षर ओळखू येत नाही, आम्ही काय सांगणार," त्यांच्यासाठी. तुम्हाला उत्तर सांगायचंच नाही. तुम्हाला फक्त विचारायचं आहे.

मुलाला मोठ्यानं वाचायला सांगा. बालभारतीचं पुस्तक चालेल, वर्तमानपत्राचा तुकडा चालेल. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, शाळेत असलं तर गुरुजींना मागा. मूल वाचत असताना तुम्ही भाकरी थापत ऐका. झालं की पाच प्रश्न विचारा. कोण होतं? कुठं झालं? काय झालं? का झालं? आणि या सगळ्याला एक नाव द्यायचं तर काय देशील?

मुलानं उत्तर दिलं की एकच म्हणायचं, "कोणत्या ओळीत हाय? बोट ठेव अन् ती ओळ परत वाच." त्याला ओळ सापडली तर उत्तर पक्कं. नाही सापडली आणि ते म्हणालं, "मला ठावं हाय की," तर हसून म्हणा, "तुला ठावं हाय, पण कागदाला ठावं हाय का?" रागवू नका. जे ठाऊक आहे ते मोलाचं आहे, ते निबंधात कामी येतं, जगण्यात कामी येतं. फक्त या पेपरात कागद बोलेल तेवढंच धरायचं.

कारखान्यावर असाल तर फोनवर हेच करा. मुलगी वाचेल, तुम्ही ऐका, विचारा. आठवड्यातून तीन संध्याकाळी, पंधरा-पंधरा मिनिटं, एवढं पुरे. गावात राहिलेल्या गटाच्या तायांनी गल्लीतल्या पाचवीच्या चार मुलांना एका ओट्यावर बसवलं, तर आई फडावर असलेलं लेकरूही एकटं पडणार नाही.

हे फक्त पोरांसाठी नाही

त्या दिवशी बैठकीत आणखी एक गोष्ट झाली. शेवग्याचा उतारा संपला तेव्हा एक मावशी गप्प होत्या. मग त्या म्हणाल्या, "कर्जाच्या कागदाला बी असंच बोट ठिवलं असतं तर बरं झालं असतं." त्यांनी मागं एका ठिकाणाहून कर्ज घेतलं होतं. व्याज दोन टक्के, असं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी ते वर्षाचं धरलं. कागदात ते महिन्याचं होतं, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. तोंडी कोणी खोटं बोललं असंही नाही. अर्धंच सांगितलं गेलं. तोच तो अर्धा खडा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे, आपल्यासारख्यांना छोटी कर्जं देणाऱ्यांनी व्याज, हप्ते आणि इतर खर्च यांचा साधा तक्ता कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा असतो. तो मागून घ्या. मुलाला मोठ्यानं वाचायला लावा. आणि विचारा, वर्षाला व्याज किती? एकूण किती फेडायचे? ते कोणत्या ओळीत आहे? बोट ठेव. ओळ सापडेपर्यंत अंगठा उठवायचा नाही.

आता पुढच्या बैठकीसाठी काम. बचत गोळा झाली की दहा मिनिटं काढा. एका ताईनं काहीही वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि प्रत्येकीनं एक प्रश्न विचारायचा. उत्तर देणारीनं ओळ दाखवायची. पाचवीतली मुलंही बोलवा, त्यांना आयांची परीक्षा घेऊ द्या. ती फार खूश होतात.

तो कापसाचा मुलगा आता दर बैठकीला येतो. मागच्या वेळी त्यानं आम्हालाच अडवलं. आम्ही काहीतरी ठामपणे सांगत होतो, तर तो म्हणाला, "ताई, कोणत्या ओळीत हाय?" आम्ही शोधलं. नव्हतं. सगळ्याजणी हसलो, आणि त्याचं म्हणणं मान्य केलं.

तुमच्या गटानं हे करून पाहिलं तर आम्हाला नक्की कळवा. येतो, मैत्रिणींनो. पुन्हा भेटू, याच वेळी, आपल्याच रेडिओवर.